स्वतःचा व्यवसाय चालू ठेवून अर्धवेळ नोकरी: अर्जापासून विवरणपत्रापर्यंत

लग्नसराईत रात्री बारापर्यंत मशीन चालू असतं आणि आषाढ लागला की दुपारभर एक गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत नाही. शिवणकाम, मेंदी, मेकअप, केटरिंग, फोटोग्राफी, पत्रिकांची छपाई हे सगळे धंदे मुहूर्तांवर चालतात आणि त्यांचा वर्षाचा ताळेबंद असाच वरखाली होतो. चातुर्मासात काम मंदावतं, पितृपक्षात जवळजवळ थांबतं आणि तुळशीचं लग्न लागल्यावर पुन्हा जोर धरतं. गाळ्याचं भाडं, मुलांची फी आणि मशीनचा हप्ता मात्र बाराही महिने तेवढाच असतो. म्हणून अनेक जण व्यवसाय न सोडता दिवसातले तीन-चार तास नोकरी करायचं ठरवतात.

ठरवल्यावर शंका सुरू होतात. आपण मालक असताना दुसरीकडे नोकरी चालते का? धंद्याची नोंदणी रद्द करावी लागेल का? अर्जात व्यवसायाचा उल्लेख करावा की टाळावा? कर दोनदा भरावा लागेल का? थोडक्यात उत्तरं अशी: नोकरी चालते, नोंदणी रद्द करावी लागत नाही, व्यवसायाचा उल्लेख अर्जाच्या पहिल्या दोन-तीन ओळींतच करावा आणि आयकर दोन्ही उत्पन्नं मिळून एकदाच लागतो.

पूर्ण उत्तरासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापुरात राजारामपुरीत एका बाईंचं छोटं बुटीक आहे. वर्षाची उलाढाल आठ लाख आणि खर्च वजा जाता नफा तीन लाख. महाद्वार रोडवरच्या कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाबाहेर त्यांना फलक दिसतो: 'फिटिंगसाठी अनुभवी महिला पाहिजे, वेळ दुपारी १२ ते ४.' पगार महिना १२,००० रुपये. इथून पुढे एकेक पायरी पाहू.

आधी आपल्या व्यवसायाचे नियम पाहा

बुटीक, दुकान, शिकवणी, डिझाइनिंग, अकाउंट लिहिणं अशी कामं करणाऱ्यांना अर्धवेळ नोकरी करण्यापासून सहसा कोणताही कायदा अडवत नाही. काही व्यवसायांची गोष्ट वेगळी आहे. वकिलीची सनद चालू असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. कायदा शिकवण्याची मुभा आहे, पण १९७९ च्या नियमांनुसार ती दिवसाला तीन तासांपुरती. प्रॅक्टिस करणाऱ्या चार्टर्ड अकाउंटंटला दुसरं काम घेण्यापूर्वी आपल्या संस्थेचे नियम पाहावे लागतात आणि गरजेप्रमाणे तिची परवानगी घ्यावी लागते. तुमचा व्यवसाय एखाद्या परिषदेच्या नोंदणीवर चालत असेल, तर अर्ज लिहिण्याआधी तिची नियमावली वाचा.

दुकान भाड्याचं असो किंवा मशीन कर्जावर घेतलेलं असो, नोकरी धरल्याने त्या करारांत सहसा काही बदलत नाही. उद्यम नोंदणी आणि शॉप अ‍ॅक्टची पावतीही तशीच राहते, कारण व्यवसाय बंद झालेला नसतो.

परवडतं का, हे तासांत मोजा

दरमहा १२,००० हा आकडा ऐकायला बरा वाटतो. तो आपल्याला परवडतो का, हे कळण्यासाठी तो तासावर आणावा लागतो.

आधी स्वतःच्या धंद्याचा तासाचा दर काढा. वर्षाचा नफा तीन लाख, म्हणजे महिना सरासरी २५,०००. बुटीकमध्ये दिवसाला आठ तास, महिन्याचे २५ दिवस, असे २०० तास. म्हणजे तासाला १२५ रुपये. गिऱ्हाइकाशी बोलणं, लक्ष्मीपुरीत अस्तर आणायला जाणं, हिशेब लिहिणं हे तासही यात धरायला हवेत. बहुतेक जण फक्त मशीनवर बसलेला वेळ मोजतात आणि आपला दर आहे त्याहून मोठा समजतात.

आता नोकरीचा दर. रोज चार तास आणि जाण्यायेण्याचा अर्धा तास, असे साडेचार. महिन्याचे २६ दिवस धरले तर ११७ तास. १२,००० भागिले ११७, म्हणजे तासाला साधारण १०३ रुपये. हा दर १२५ पेक्षा कमी आहे. तरी निष्कर्ष काढायची घाई नको, कारण १२५ ही वर्षाची सरासरी आहे. मार्गशीर्षातल्या दुपारी त्यांचा तास दोनशेचा असेल, श्रावणातल्या दुपारी पन्नासचाही नसेल. म्हणून गेल्या वर्षीची वही काढून महिनावार जमा लिहा. मंदीचे पाच-सहा महिने नोकरी फायद्याची दिसेल आणि गर्दीचे चार महिने तोट्याची. याच कागदावर तुमच्या वाटाघाटीचा मुद्दा सापडतो: गर्दीच्या दिवसांत वेळ कमी करून मिळेल का, किंवा बदली माणूस चालेल का. अर्थात कपड्यांच्या दुकानाची गर्दीही नेमकी लग्नसराईतच असते. तिथे हा मुद्दा अडण्याची शक्यता जास्त, म्हणून तो शेवटी नको, पहिल्याच भेटीत काढा.

अनुभवाचे कागद कुठून आणायचे

नोकरी करणाऱ्याला आधीचा मालक अनुभवाचं पत्र देतो. स्वतःचा धंदा करणाऱ्याला ते द्यायला कोणी नसतं आणि म्हणून दहा-दहा वर्षांचा अनुभव असलेली माणसंही अर्जात 'अनुभव' या रकान्यापाशी अडखळतात. खरं तर त्यांच्याकडे कागद असतात, फक्त एकत्र लावलेले नसतात.

व्यवसाय किती वर्षं चालू आहे, हे उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र आणि शॉप अ‍ॅक्टचा कागद सांगतो. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि सरकारी पोर्टलवर ती पूर्णपणे मोफत होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्यांकडे जाऊ नका. ज्याला कोल्हापूर-पुण्यात लोक अजूनही 'शॉप अ‍ॅक्ट लायसन' आणि मुंबईत 'गुमास्ता' म्हणतात, त्याची पद्धत महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने सोपी केली. छोट्या आस्थापनेने ऑनलाइन सूचना दिली की तिची पावती मिळते. ती पावती अर्जासोबत जोडण्याजोगा कागद आहे.

कौशल्य दाखवायला आयटीआयचं प्रमाणपत्र असेल तर उत्तमच. ते नसेल आणि काम अनुभवातून शिकलेलं असेल, तर आधीपासून असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहे. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि तिचं ओळखपत्र व प्रमाणपत्रही दाखवता येतं.

कामाची साक्ष काम देतं. शिवलेले तीन नमुने सोबत न्या: एक अस्तराचा ब्लाउज, एक फिटिंग करून दिलेला तयार ड्रेस आणि एक अवघड काम. जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघी-तिघींना आधी विचारून त्यांचे नंबर संदर्भ म्हणून द्या.

आयकर विवरणपत्राची पोच मात्र आपणहून जोडू नका. ती उत्पन्नाचा पुरावा आहे, अनुभवाचा नव्हे, आणि ती पाहून पगाराची बोली खाली येऊ शकते. कोणी मागितलीच, तर का हवी आहे हे विचारून मग द्या.

अर्ज कसा लिहायचा

अर्धवेळ कामं बहुधा ओळखीतून, दुकानाबाहेरच्या फलकांवरून, वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींतून आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून कळतात. राज्य सरकारच्या महास्वयंम आणि केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिस या पोर्टलांवर नाव नोंदवून ठेवावं. पण जिथे काम हवं तिथे स्वतः जाऊन दिलेला एका पानाचा अर्ज अजूनही सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो.

त्या पानात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: माझा व्यवसाय काय आहे, तुमचं कोणतं काम मी करू शकते, कोणता वेळ देऊ शकते आणि दोन्हींची सरमिसळ होऊ नये म्हणून काय पाळीन. तो असा लिहिता येईल:

'सप्रेम नमस्कार. आपल्या दुकानात दुपारच्या वेळी फिटिंगचं काम करणारी व्यक्ती हवी असल्याचं फलकावरून कळलं. राजारामपुरीत माझं स्वतःचं बुटीक आहे. २०१६ पासून ब्लाउज आणि ड्रेस मी स्वतः बेतते आणि शिवते. माप घेणं, तयार कपडा उसवून फिटिंग करणं, अस्तर आणि फॉल-पिको ही माझी रोजची कामं आहेत. बुटीक पुढेही चालू राहील. आठवड्याची सुट्टी सोडून रोज दुपारी १२ ते ४ हा वेळ मी नियमितपणे देऊ शकते. आपल्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांचं काम मी माझ्या बुटीकसाठी घेणार नाही. नमुने घेऊन भेटायला येईन. सोयीची वेळ कळवावी.'

यातलं 'बुटीक पुढेही चालू राहील' हे वाक्य अनेकांना धोक्याचं वाटतं. बुटीक आहे म्हटल्यावर मालक नको म्हणेल, अशी भीती असते. काही मालक म्हणतीलही. पण त्याच गल्लीतली गिऱ्हाइकं दोन्ही दुकानांत जातात, आणि पंधरा दिवसांत कळणारी गोष्ट लपवून मिळवलेली नोकरी पंधरा दिवसांचीच ठरू शकते. शिवाय बुटीक ही तुमच्या अर्जातली सगळ्यांत मोठी जमेची बाजू आहे. मापात चूक झाली तर कापड आपल्या खिशातून भरून द्यावं लागतं, याची ज्या बाईंना सवय आहे, त्यांच्या हातात कात्री द्यायला दुकानदार कचरत नाही.

मुलाखतीत काय विचारतात

"ताई, स्वतःचं दुकान असताना इथे कशाला?" हा प्रश्न पहिला येतो. खरं आणि नेमकं उत्तर द्या: "दुपारी माझ्याकडे काम कमी असतं. मला दरमहा ठरलेली रक्कम हवी आहे, आणि तुम्हाला याच वेळेत माणूस हवा आहे." धंदा बुडाला असं समोरच्याला वाटेल अशी रडगाणी नकोत आणि नोकरीची गरजच नाही असा आवही नको.

दुसरा प्रश्न गिऱ्हाइकांचा. इथे नियम स्वतःहून सांगा: दुकानात स्वतःचं कार्ड देणार नाही, दुकानातल्या गिऱ्हाइकांचे नंबर घेणार नाही, आधीपासूनचं माझं गिऱ्हाईक इथे भेटलं तर तुम्हाला सांगेन. तिसऱ्या मुद्द्याने पुढचे बरेच गैरसमज टळतात.

"आधी पगार किती होता?" याला पगाराची पावती नसते. उत्तर तासाच्या दराने द्या. आपल्या उदाहरणात १२५ रुपये तास आणि महिन्याचे १०४ तास, म्हणजे १३,०००. प्रवासाचा वेळ धरला तर थोडं आणखी. मागणी कशावर उभी आहे हे सांगता आलं, तर मालक घासाघीस करतानाही तिला मान देतो.

पगार की नगाचे पैसे

मुलाखत चांगली झाली की मालक एक सूचना करतो: "पगाराच्या भानगडीत कशाला पडता? नगावर करा. बिल द्या, पैसे घ्या." हा या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा फाटा आहे. पगार घेतला तर तुम्ही कर्मचारी ठरता. बिल दिलं तर तुमचा व्यवसाय त्या दुकानाला सेवा देतो. भविष्य निर्वाह निधी, विमा, आयकर, जीएसटी आणि केलेल्या कामाची मालकी या प्रत्येक ठिकाणी दोन्हींचे परिणाम वेगळे होतात.

नुसतं 'नगावर' म्हटलं म्हणजे नोकरी संपली, असं कायदा मानत नाही. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये हेच सांगितलं. तिथले शिंपी नगावर पैसे घेत, काम असेल तेव्हा दुकानात येत आणि त्यांतले काही दुसऱ्या दुकानांचंही काम करत. तरीही ते त्या दुकानाचे कामगारच आहेत, असा निर्णय झाला. मशीन दुकानाचं होतं आणि काम पसंत पडलं नाही तर ते नाकारून पुन्हा करून घेण्याचा अधिकार मालकाकडे होता. दुसरीकडे काम केल्यामुळे कामगारपण जात नाही, हे त्यातलं वाक्य स्वतःचा धंदा असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

म्हणून स्वतःला चार प्रश्न विचारा. मशीन कोणाचं? वेळ कोण ठरवतं? काम कसं करायचं हे कोण सांगतं? बिघडलं तर नुकसान कोणाचं? चारही उत्तरं दुकानाकडे जात असतील, तर ती नोकरी आहे आणि तुम्ही पगार मागावा. कपडे घरी नेऊन, आपल्या मशीनवर, आपल्या सवडीने करून द्यायचे असतील, तर बिल देणं योग्य. महाद्वार रोडवरच्या त्या दुकानात दुपारी १२ ते ४ बसायचं आहे. तिथे पगारच घ्यावा.

नियुक्तिपत्रात काय पाहायचं

तोंडी बोलीवर काम सुरू करू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये नियुक्तिपत्र देणं ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. छोट्या दुकानदारानेही ते एका पानावर द्यायला हरकत नसते. त्यात कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, पगार आणि तो मिळण्याची तारीख, जादा थांबावं लागलं तर त्याचा मोबदला आणि नोकरी सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, हे लिहिलेलं हवं.

त्यानंतर एक वाक्य आग्रहाने घालून घ्या: 'कर्मचाऱ्याचा स्वतःचा शिवणकामाचा व्यवसाय असून तो चालू ठेवण्यास मालकाची संमती आहे.' छापील नियुक्तिपत्रांत बहुधा 'अन्य कोणताही व्यवसाय करणार नाही' असं कलम असतं आणि ते न वाचता सही होते. नोकरी चालू असताना असं बंधन घालता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये मान्य केलं आहे. तो खटला आपल्या शेजारचाच, सेंच्युरी कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यातल्या एका शिफ्ट सुपरवायझरचा होता. नोकरी सोडल्यानंतरची बंधनं मात्र वेगळी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे कोणाला आपला धंदा करण्यापासून रोखणारा करार सहसा रद्द मानला जातो. म्हणजे 'सोडल्यावर दोन वर्षं कोल्हापुरात बुटीक चालवणार नाही' या कलमाला फारसा आधार नाही, पण 'नोकरीत असताना चालवणार नाही' या कलमाला आहे. सही करण्यापूर्वी ते कलम काढून घ्या किंवा संमतीचं वाक्य घालून घ्या.

डिझाइनर, लेखक, प्रोग्रामर यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. पुस्तकांची मुखपृष्ठं करणारी डिझाइनर एखाद्या प्रकाशनात अर्धवेळ रुजू झाली, तर तिथल्या वेळेत केलेलं मुखपृष्ठ प्रकाशनाचं. घरच्या संगणकावर रात्री दुसऱ्यासाठी केलेलं तिचं स्वतःचं. ही रेघ नियुक्तिपत्रात लिहून घ्यावी आणि पाळावीही. ऑफिसच्या संगणकावर स्वतःच्या गिऱ्हाइकाचं काम उघडू नये.

पगारातून काय कापलं जाईल

दुकानात वीस किंवा जास्त माणसं असतील, तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो. अर्धवेळ माणसालाही तो लागू असतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० पर्यंत असेल तर १२ टक्के कापले जातात आणि तेवढेच मालक भरतो. पूर्वी कधी नोकरी केली असेल तर जुना यूएएन क्रमांक द्या. नवा काढलात तर पुढे दोन खाती जोडण्याचा ताप होतो.

दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार २१,००० पर्यंत असेल, तर कर्मचारी राज्य विमा लागू होतो. कर्मचाऱ्याचा वाटा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. १२,००० वर तुमचे ९० रुपये आणि मालकाचे ३९०. स्वतःचा धंदा करणाऱ्याला घरच्यांसाठी वैद्यकीय विमा महाग पडतो. महिना ९० रुपयांत तुमच्यावर आणि अवलंबून असलेल्या कुटुंबीयांवर उपचारांची सोय होते आणि नियमांत बसणाऱ्या आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ताही मिळू शकतो. व्यवसायाच्या नावाने बिल देऊन काम घेतलं तर यातलं काहीच मिळत नाही.

आपल्या उदाहरणात पूर्ण १२,००० वर निधीचे १,४४० आणि विम्याचे ९० कापले तर हातात १०,४७० येतील. त्याच वेळी मालक तुमच्या नावे १,८३० रुपये वेगळे भरेल. तासाचा दर काढताना ही रक्कमही मिळवा. मग १०३ चा दर ११८ च्या आसपास जातो आणि १२५ च्या जवळ येतो.

व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने घेतात. स्वयंरोजगार करणारी व्यक्ती नावनोंदणी करून वर्षाला साधारण २,५०० रुपये भरते. पगारदार स्त्रीला महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. १२,००० पगार घेणाऱ्या पुरुषाचे मात्र दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, म्हणजे वर्षाचे २,५००. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने एका व्यक्तीकडून वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपयेच घेता येतात. व्यवसायाचा कर भरला असेल, तर नावनोंदणीचं प्रमाणपत्र आणि भरल्याची पावती दुकानाच्या अकाउंटंटला द्या आणि पगारातून पुन्हा कापू नये, अशी लेखी विनंती करा.

आयकर

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून इथे क्रमांक देत नाही. पुढचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत.

पगार आणि व्यवसायाचा नफा ही उत्पन्नाची दोन वेगळी शीर्षकं आहेत. त्यांची बेरीज होते आणि बेरजेवर एकदाच कर लागतो. पगाराला नव्या पद्धतीत ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते. बुटीकवाल्या बाईंचा वर्षाचा पगार १,४४,००० असेल तर त्यातून ७५,००० जाऊन ६९,००० राहतात. त्यात तीन लाख नफा मिळवला की ३,६९,००० होतात. नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत कर नाही आणि करसवलतीमुळे बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावरही कर भरावा लागत नाही. तरी विवरणपत्र भरत राहावं. पुढे घराचं किंवा दुकानाचं कर्ज काढताना बँक तेच मागते.

हेच पैसे बिल देऊन घेतले, तर ७५,००० ची वजावट मिळत नाही. शिवणकामाच्या कंत्राटाप्रमाणे बिल असेल आणि वर्षाची रक्कम एक लाखावर गेली, तर उद्गम करकपातीस पात्र असलेला दुकानदार १ टक्का कापतो. सल्लागाराची किंवा व्यावसायिक फी म्हणून दाखवलं आणि रक्कम वर्षाला ५०,००० वर गेली, तर १० टक्के कापतो. १,४४,००० वर हे १४,४०० होतात. कर बसत नसेल तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात, पण तोवर अडकून राहतात. पॅन दिलेला नसेल तर कपात २० टक्क्यांनी होते.

छोट्या व्यावसायिकाला उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा मानून विवरणपत्र भरता येतं. व्यापार आणि सेवेच्या धंद्याला रोखीच्या जमेवर किमान ८ टक्के, बँकेतून आलेल्या जमेवर किमान ६ टक्के. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. ही पद्धत घेणाऱ्याला पगारासह 'सुगम' हे चार क्रमांकाचं विवरणपत्र चालतं, बाकीच्यांना तीन क्रमांकाचं लागतं. निव्वळ पगारदारांचं एक नंबरचं विवरणपत्र आपल्याला चालत नाही. दुकानातल्या सहकाऱ्यांचं पाहून ते भरू नका.

आणखी एक फरक जपायचा आहे. सहकारी दरवर्षी जुनी किंवा नवी करपद्धत निवडू शकतात. व्यवसायाचं उत्पन्न असलेल्याने एकदा जुनी पद्धत घेतली तर नव्यात परतायची संधी एकदाच मिळते. निवड विचारपूर्वक करा. एकूण कर १०,००० किंवा जास्त होणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. किमान टक्क्यांची पद्धत घेणाऱ्यांना तो १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात चालतो. व्यवसायाचं उत्पन्न मालकाला कळवून पगारातूनच जास्त कर कापून घेण्याचीही सोय आहे.

जीएसटीची मर्यादा

महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. कर्मचाऱ्याने मालकाला नोकरीत दिलेली सेवा जीएसटीच्या दृष्टीने पुरवठाच नाही, त्यामुळे पगार उलाढालीत धरत नाहीत. बिलाचे पैसे धरतात. आठ लाख उलाढाल असेल तर दोन्हींत फरक पडत नाही. पण एखाद्या बुटीकची उलाढाल १९ लाख असेल आणि नोकरीचे १,४४,००० बिलावर घेतले, तर बेरीज २०,४४,००० होते आणि नोंदणी, मासिक किंवा तिमाही विवरणपत्रं हे सगळं मागे लागतं. तीच रक्कम पगार म्हणून घेतली तर उलाढाल १९ लाखच राहते.

पहिले तीन महिने

पगारासाठी वेगळं बँक खातं ठेवा. बुटीकची जमा आणि पगार एका खात्यात मिसळले तर वर्षअखेरीस हिशेब लावताना त्रास होतो. गिऱ्हाइकांना नवी वेळ सांगा आणि ती दारावर लावा. 'दुपारी १२ ते ४ बंद' हा फलक पाहून एखादं गिऱ्हाईक कमी होईल, पण चारदा येऊन कुलूप पाहणारी चार गिऱ्हाइकं जास्त वाईट.

तीन महिने रोज दोन आकडे लिहा: नोकरीत गेलेले तास आणि बुटीकमध्ये परत पाठवलेलं काम. तिमाहीच्या शेवटी त्यातून कळेल की नोकरीने पोकळ वेळ भरला की भरलेला वेळ खाल्ला. पहिलं असेल तर पुढे चालू ठेवा, दुसरं असेल तर वेळ बदलून मागा. तरीही जमत नसेल तर पूर्वसूचना देऊन सोडा. सोडताना अनुभवाचं पत्र आणि पगाराचं वार्षिक प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका.

स्वतःचा धंदा उभा केलेला माणूस नोकरीच्या दारात उगाच खाली मान घालून जातो, जणू अर्ज करणं म्हणजे धंद्यात हरल्याची कबुली. तसं मुळीच नाही. माप घेणं, दर ठरवणं, वेळ पाळणं आणि नुकसान सोसूनही शब्द राखणं हे सगळं त्याने पगाराशिवाय शिकलेलं असतं. तो व्यवसाय अर्जात ठळकपणे लिहा, नियुक्तिपत्रात संमतीने नोंदवा आणि विवरणपत्रात पूर्ण दाखवा. या तिन्ही कागदांवर एकच खरी माहिती असली, की धंदा आणि नोकरी दोन्ही निर्धास्तपणे चालवता येतात.